मोर आणि दोन टिंबं

"दोन टिंबं आहेत म्हणजे एकोणपन्नास सालानंतरचा. त्याच्या आधीचा असूच शकत नाही. हो ना, उस्ताद?"

दस्तगीर उस्तादांनी मान वर केली नाही. मांडीवर जुनं फडकं पसरून ते पितळेची एक बाजूबंदाची जोडी चिंचेच्या कोळानं घासत बसले होते.

"असूच शकत नाही ना?" सुनीतीनं पुन्हा विचारलं.

"चहा घेणार?"

"उस्ताद, पाच वाजता मला सही करून अहवाल द्यायचाय. साडेबारा वाजलेत."

"म्हणूनच विचारलं. साडेबाराला चहा कोण पितं? जेवून आलीस का?"

ती जेवून आली नव्हती. काल संध्याकाळपासून तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता. पण तिनं मान हलवली, आणि ती हलवणं हो म्हणून होतं की नाही म्हणून, ते तिलाही सांगता आलं नसतं.

…

सुनीती आठल्ये सांगलीची. जुन्या नाटक मंडळ्यांचे दागिने हा तिचा विषय.

म्हणजे सोनं नव्हे. पितळेचे, तांब्याचे, वर मुलामा चढवलेले, काचेचे खडे बसवलेले दागिने. राजा, राणी, नायिका, सगळे तेच घालून उभे राहायचे आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाचेही डोळे दिपायचे. मंडळ्या बुडाल्या, नट गेले, दागिने मात्र ट्रंकांमधून, माळ्यांवरून, भंगारवाल्यांकडून अजून निघत असतात.

अशा दागिन्याच्या मागच्या अंगाला घडवणारा कारागीर आपला ठसा मारायचा. तिळाएवढा. कुणाचा मासा, कुणाचं कमळ, कुणाची नुसती दोन अक्षरं.

सुनीतीनं असे दोनशे चाळीस ठसे गोळा केले होते. कोणता कुणाचा, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतचा, सगळं लावून तिनं त्यांचा कोश छापला होता. आता कुणाच्याही घरी ट्रंक उघडली की आधी तिला फोन जायचा. ती यायची, भिंग डोळ्याला लावायची आणि साल सांगायची. लोक तोंडात बोट घालायचे.

आणि तिला ते आवडायचं. ते ती नाकारत नसे.

दस्तगीर उस्ताद मिरजेचे. हयात मुलामा चढवण्यात गेली. वय ऐंशी. गेली आठ वर्षं सुनीती त्यांच्याकडे येत होती, त्यांना उस्ताद म्हणत होती, आणि कोशाच्या पहिल्या पानावर तिनं त्यांचे आभार मानले होते.

उस्तादांनी तो कोश पाहिला होता. कपाळाला लावला होता. बोलले काहीच नव्हते.

…

सुनीतीनं पर्स उघडली. रुमालाची घडी काढली. घडीतून हार काढून उस्तादांच्या समोरच्या पाटावर ठेवला.

तीनपदरी हार. मध्ये पदक, पदकात लाल काच.

"काय झालं ते सांग," उस्ताद म्हणाले.

सुनीतीनं सांगितलं.

सांगलीत नाट्यसंग्रहालयाचं नवं दालन उद्या सकाळी उघडायचं होतं. चंपूताई जांभळीकर या जुन्या गायक नटीचं नाव त्याला द्यावं असं ठरत होतं. चंपूताई सुरंजन संगीत मंडळीत होत्या. चव्वेचाळीस साली गेल्या. मंडळीच्या सामानाला एकदा आग लागली त्यात त्यांचे फोटोही जळाले. मागे राहिला तो हा हार, आणि हार सांभाळणारी त्यांची मुलगी, वेणूबाई. आज अठ्ठ्याहत्तर वर्षांची.

संग्रहालयाचं म्हणणं एवढंच होतं की हार चंपूताईंचाच आहे, असं जाणकाराकडून लेखी यावं.

जाणकार म्हणजे सुनीती.

"मी भिंगातून बघितलं. मोर. धोंडिबा ओतारींचा ठसा. पण मोराच्या पायाखाली दोन टिंबं. ओतारींच्या जुन्या ठशात नुसता मोर असतो; टिंबांचा त्यांच्या मुलानं पुढं चालवला असं मी धरलंय. टिंबांचा मोर एकोणपन्नासच्या आधी कुठल्याच यादीत नाही, कुठल्याच जुन्या दागिन्यावर नाही. मी शंभर तरी ताडून पाहिलेत. म्हणजे हा हार घडला तेव्हा चंपूताईंना जाऊन पाच वर्षं झाली होती."

"मग?"

"मग मी वेणूबाईंना तसं पत्र लिहिलं. आठ दिवसांपूर्वी."

"मग?"

सुनीतीनं पाटावरचा हार उगाच सरळ केला.

"काल संध्याकाळी त्या माझ्या दारात आल्या. एकट्या. रिक्षातून. हार माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, हा आता तुमच्याकडेच राहू दे. खोटी वस्तू मी घरात ठेवत नाही."

उस्तादांचा हात बाजूबंदावर थांबला.

"बसासुद्धा म्हणू दिलं नाही त्यांनी मला. वळल्या आणि निघाल्या. जिन्यावर दोनदा थांबल्या. मी वरून बघत होते… मला वाटलं, आता पडतात."

बाहेर गल्लीत कुणीतरी सतारीची तार जुळवत होतं. तार चढायची, आणखी चढायची, आणि आता तुटणार असं वाटताच उतरायची.

"उस्ताद, मी बरोबर आहे. मला माहीत आहे मी बरोबर आहे. फक्त तुम्ही एकदा म्हणा. तुम्ही ओतारींच्या हाताखाली होतात. तुम्ही म्हणालात की मला… मला सही करता येईल."

उस्तादांनी बाजूबंद फडक्यात गुंडाळले. चिंचेचे हात पुसले. मग हार उचलला, पण ठसा बघितलाच नाही. नुसता तळहातावर तोलला आणि परत ठेवला.

"त्या कोपऱ्यात पत्र्याचा डबा आहे. तेवढा आण."

…

डब्यात मोडके खडे होते, तारेचे तुकडे होते, हारांचे फासे होते. तळाशी कापडाची एक पुरचुंडी. उस्तादांनी गाठ सोडली. आत बोटाएवढी लोखंडी सळई निघाली. एक टोक हातोडीचे घाव खाऊन पसरलेलं, दुसरं टोक निमुळतं.

त्यांनी ऐरणीवर पितळेच्या पत्र्याची नवी कोरी पट्टी ठेवली. सळई सुनीतीच्या डाव्या हातात दिली. हातोडी उजव्या हातात.

"मार."

"काय आहे हे?"

"मार तर."

तिनं सळई पट्टीवर उभी धरली. हातोडी मारली, ती निसटती बसली.

"नीट. एकच."

तिनं पुन्हा मारली.

"आता तुझं ते भिंग लाव."

सुनीतीनं भिंग डोळ्याला लावलं.

मोर होता. पिसारा मिटलेला, मान मागे वळलेली. पायाखाली दोन टिंबं.

"हा पत्रा मी या मंगळवारी बाजारातून मागवला," उस्ताद म्हणाले. "साल सांग."

…

भिंग तिच्या हातून निसटून मांडीवर पडलं.

सतारीची तार थांबली होती. कोशातलं ओतारींचं पान तिच्या डोळ्यापुढं आलं. 'मोर, पूर्वकाळ. मोर आणि दोन टिंबं, उत्तरकाळ.' त्या एका पानासाठी तिला शाल मिळाली होती.

"हा ठसा ओतारींचा नाही?"

"ओतारींचा मोर त्यांच्याबरोबर गेला. अठ्ठेचाळीस साली. सळई त्यांच्या मुलानं नदीत सोडली."

"मग ही?"

"माझी. मी कोरली. सतरा वर्षांचा होतो."

उस्ताद सावकाश बोलत होते, जसं कुणी जुनी गाठ नखानं सोडवतं.

"मंडळ्या मोडत होत्या. दागिने पोत्यानं बाजारात येत होते. बिनठशाचे, कुणी घडवले त्याचा पत्ता नाही. एक व्यापारी आला. म्हणाला, धोंडिबाचा मोर असला की माल उचलला जातो. तुझ्या उस्तादाचा मोर तुला पाठ असेल. मला पाठ होता. मी कोरला. वर्षभर मारत होतो. किती मारले, मोजले नाहीत."

"आणि टिंबं?"

उस्तादांनी पट्टीवरच्या मोरावरून बोट फिरवलं.

"मोर कोरून झाला. अगदी त्यांचाच वाटला. मग रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी उठून खाली दोन टिंबं दिली. चोरी केली, पण उस्तादाच्या नावावर पुरती खपवली नाही, असं स्वतःला सांगता यावं म्हणून." त्यांनी सळई पुन्हा कापडात ठेवली. "कुणाला काय कळणार होतं? कळणारी तू एकटी निघालीस. तू तर त्याचा उत्तरकाळ केलास."

सुनीतीचे कान तापले.

"तुम्ही मला सांगितलं का नाहीत? मी आठ वर्षं येतेय! कोश तुमच्या हातात दिला मी!"

"तू विचारलं कधी?"

"दर वेळी विचारत होते!"

"नाही, बेटा." उस्तादांचा आवाज अजिबात चढला नाही. "तू दर वेळी सांगत होतीस. शेवटी 'हो ना' जोडत होतीस."

…

तिला उठून जावंसं वाटलं. तिनं पर्स उचलली, परत ठेवली.

"मलाही ते सोयीचंच होतं," उस्ताद म्हणाले. "ते माझ्यावर. तुझ्यावर नाही."

मग त्यांनी हार तिच्याकडे सरकवला.

"आता बघ. ठसा वाचू नकोस. ठशाच्या आत बघ. मोराच्या पोटात."

तिनं हार उजेडात धरला. भिंग लावलं. आठ वर्षांत हजारो वेळा केलेली गोष्ट. पण आज नजर कडेवर न थांबवता तिनं खाली नेली, खोलगट जागेत.

बाकी पदकावर मुलामा होता. पुसट, पण होता. मोराच्या खोबणीत मात्र उघडं पितळ होतं, काळपटलेलं.

"कारागीर आधी काय करतो?" उस्तादांनी विचारलं.

"आधी ठसा. मग मुलामा." तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. "म्हणजे मुलामा खोबणीत उतरायला हवा. वरचा झिजला तरी आतला राहतो. इथं उलटं आहे. वर आहे, आत नाही… म्हणजे ठसा मागाहून मारला. दागिना आधीच घडलेला होता!"

ती ताडकन सरळ बसली.

"म्हणजे हार जुना आहे! एकोणपन्नासच्या आधीचा आहे! उस्ताद, म्हणजे वेणूबाई खरं बोलताहेत. चंपूताईंचाच हार हा!"

तिनं पर्समधून अहवालाचा कागद काढला, पेन काढलं. वाजले होते दीड. पाच वाजता द्यायचा म्हणजे वेळ भरपूर होता. छातीवरचा दगड उतरल्यासारखं तिला झालं. ती लिहूही लागली. सदर हार हा निःसंशय…

उस्तादांनी तिच्या पेनाच्या टोकाशी बोट ठेवलं.

"परत सांगायला लागलीस."

…

पेन तसंच राहिलं.

"हार जुना आहे," उस्ताद म्हणाले. "तेवढंच पितळ बोलतं. कुणाच्या गळ्यातला, ते पितळ बोलत नाही."

"मग कोण बोलेल?"

भिंतीचा आधार घेत उस्ताद उठले. खुंटीवरची टोपी काढली, झटकली आणि डोक्यावर ठेवली. दोन वर्षांत ते गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मशिदीपलीकडे गेले नव्हते.

"कुठं निघालात?"

"रिक्षा बोलाव. मीपण येतो."

सांगलीपर्यंतच्या रस्त्यात सुनीतीनं एकदा तिरक्या नजरेनं पाहिलं. उस्तादांची दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट गुंतवलेली होती आणि तरीही कापत होती. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आज भीती तिची एकटीची नाही.

…

वेणूबाईंचं घर म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत एक पलंग, एक खुर्ची, आरशाचं कपाट.

दार त्यांनीच उघडलं. सुनीतीला पाहून त्यांचा चेहरा मिटला.

"आता काय राहिलं?"

सुनीतीच्या ओठांवर वाक्य तयार होतं. आनंदाची बातमी आहे, ठसा मागाहून मारलेला निघाला, मी चुकले, हार जुनाच आहे. सगळं एका दमात सांगून टाकलं असतं, तर बाईंचा चेहरा खुलला असता. कदाचित क्षमासुद्धा मिळाली असती.

तिनं ते गिळलं.

"वेणूताई," ती म्हणाली, "हा हार तुमच्याकडे कसा आला?"

पुढं ती काहीच बोलली नाही. 'हो ना' नाही, काही नाही.

वेणूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे.

"हे कोण?"

"दस्तगीर माझं नाव, बाई. मिरजेचा." उस्तादांनी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं. "त्या हारावरचा मोर मी मारलाय. ओतारींचा नाही तो. खोटा आहे. हे तुमच्या तोंडावर सांगावं म्हणून आलो."

वेणूबाईंनी दाराची चौकट धरली.

"आत या," त्या म्हणाल्या. "उभ्यानं ऐकायची गोष्ट नाही ही."

…

उस्तादांनी सगळं सांगितलं. व्यापारी, पोत्यातले दागिने, वर्षभर मारलेला मोर. एकही शब्द मऊ केला नाही.

वेणूबाई ऐकत होत्या. हार पलंगावर त्यांच्या शेजारी होता. त्याला त्यांनी हात लावला नव्हता.

उस्ताद थांबले.

…

"आई गेली तेव्हा मी दहा वर्षांची," वेणूबाई म्हणाल्या. "दागिने मंडळीचे. तिच्या अंगावरचं सगळं मंडळीनं उतरवून नेलं. मी त्या हारासाठी फार रडले. किती दिवस रडले म्हणे. तिच्या मिठीत शिरलं, की त्यातला लाल खडा गालाला टोचायचा. तेवढं मला पक्कं आठवतं. टोचायचा, आणि मी तरी गाल काढायची नाही."

त्यांनी नकळत उजव्या गालावर हात ठेवला.

"सगुणामावशीनं मला वाढवलं. पाच वर्षांनी मंडळी मोडली. मावशीच्या कानावर आलं, की दागिने बाजारात आलेत. ती मिरजेला गेली, कोल्हापूरला गेली, इचलकरंजीला गेली. चपला झिजल्या तिच्या. आईच्या हारावर मोर होता एवढंच तिला ठाऊक. तिसऱ्या बाजारात तिला मोर सापडला."

उस्तादांनी मान खाली घातली.

"घरी आली ती धावतच आली. हार माझ्या गळ्यात घातला आणि म्हणाली, घे गं, तुझी आई आणली."

वेणूबाई थांबल्या. त्यांचा श्वास लहान लहान होत होता. सुनीतीला उठावंसं वाटलं, पाणी द्यावंसं वाटलं, नका सांगू म्हणावंसं वाटलं. ती बसून राहिली.

"मी मावशीला मिठी मारल्यासारखं केलं. हार उचलून तिच्या छातीशी धरला. गाल टेकवला…"

त्यांनी पुन्हा गालावर हात नेला.

"टोचला नाही."

…

"खडा गुळगुळीत होता," वेणूबाई म्हणाल्या. "हा तो नव्हताच. पंधरा वर्षांची होते मी, मला त्याच क्षणी कळलं. वर बघितलं तर मावशीच्या तोंडावर… तिच्या पायाला फोड आले होते हो. मी म्हटलं, हाच. हाच तो. मग दुसऱ्या दिवशी शेजारणीला म्हटलं, हाच. मावशी असेपर्यंत म्हणत राहिले. ती गेल्यावर थांबायला हवं होतं. तोवर म्हणायची सवय झाली होती. नंतर संग्रहालयाची माणसं आली. त्यांनाही तेच."

त्या सुनीतीकडे वळल्या.

"तुमचं पत्र आलं तेव्हा मला राग नाही आला. धस्स झालं. वाटलं, पकडलं. त्रेसष्ट वर्षांनी कुणीतरी पकडलं आपल्याला. रागाचं सोंग मग आणलं. नटीचीच पोर मी."

सुनीती बरोबर होती. हार चंपूताईंचा नव्हता. आठ दिवसांपूर्वी पत्रात लिहिलं होतं ते खरं निघालं होतं, आणि त्यातलं एकही कारण खरं नव्हतं.

"बाई, तुमच्या मावशीला मी फसवलं," उस्ताद म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "त्या माझ्या मोराला भुलल्या."

वेणूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत माफी होती की नव्हती, ते सुनीतीला वाचता आलं नाही.

"मोर दिसला म्हणून ती थांबली," त्या हळू म्हणाल्या. "नसता दिसला, तर माझी मावशी अजून चालत असती."

…

सुनीतीच्या पर्समधला फोन वाजला. संग्रहालयाचे चिटणीस. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"मॅडम, पाटी रंगवणारा खोळंबलाय. नाव लिहू का?"

"मी… मी पाच मिनिटांत कळवते."

तिनं कागद काढला. मघाचं अर्धं वाक्य त्यावर तसंच होतं. सदर हार हा निःसंशय. तिनं ते खोडलं.

"वेणूताई, मी खरं लिहिलं तर दालनाला आईंचं नाव लागणार नाही."

"मला ठाऊक आहे."

"मी गप्पही राहू शकते. ठसा मागाहून मारलाय, हार जुना आहे, एवढं तरी खोटं नाही. बाकीचं या खोलीबाहेर जाणार नाही."

हे आपण बोलतोय याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. कोश लिहिणारी सुनीती असं कधी बोलली नव्हती.

वेणूबाईंनी नकारार्थी मान हलवली.

"लिहा. सगुणा जांभळीकर यांनी भाचीसाठी बाजारातून शोधून आणलेला. असंच लिहा. मावशीचं नाव आजवर कुठंच छापून आलेलं नाही. दालन कुणाच्या का नावानं होईना."

सुनीती उभी राहिली. बसून हात चालेना. आरशाच्या कपाटाला पाठ टेकून तिनं कागद पर्सवर धरला आणि लिहिलं. वस्तू, नाटकी हार, पितळ व काच. कोणी आणला, सगुणा जांभळीकर. कोणासाठी, भाची वेणू.

पलंगावर वेणूबाईंनी पहिल्यांदाच हाराला हात लावला. उचलला. पदर मोकळे केले.

"हा मी तेव्हाचा एक दिवस सोडला तर कधी घातला नाही," त्या म्हणाल्या. "आईचा नाही म्हणून."

त्यांची बोटं फाशाशी झटत होती. संधिवातानं वाकलेली बोटं, आणि गंजानं घट्ट बसलेला फासा.

उस्तादांनी हात पुढं केला. वेणूबाईंनी हार दिला. उस्तादांनी नखानं फाशाची कड उचलली, किंचित दाबली, आणि फासा उघडला. रिक्षापासून कापणारा त्यांचा हात तेवढ्यापुरता स्थिर झाला होता. त्यांनी हार परत बाईंच्या ओंजळीत दिला.

वेणूबाईंनी तो मानेमागे नेला. हाराचे पदर सरळ केले.

सुनीतीचा कागद शेवटच्या रकान्यापाशी अडला होता. सगळं भरलं होतं, एवढंच कोरं. तिनं भिंग शोधायला पर्समध्ये हात घातला, मग काढून घेतला. फोन पुन्हा वाजू लागला.

"उस्ताद, साल राहिलं," ती म्हणाली. या वेळी तिच्याकडे खरोखरच उत्तर नव्हतं. "घडवलेलं लिहू? ठसा मारला ते लिहू? की मावशींनी आणला ते? कोणतं साल लिहू?"

फोन वाजत राहिला.

"जरा बाजूला सरक, बेटा," उस्ताद म्हणाले. "त्यांना आरसा दिसत नाहीये."